‘भाव सुचवा’ या बटणाचे परीक्षण : ऑनलाइन विक्रेत्याने घासाघीस करू द्यावी का?

ऑनलाइन बाजारात वस्तूच्या छायाचित्राखाली किंमत असते, किमतीखाली ‘आत्ता खरेदी करा’ हे ठळक बटण असते, आणि काही ठिकाणी त्याच्याही खाली, जरा फिकट रंगात, आपला भाव सुचवण्यासाठी आणखी एक बटण असते. या परीक्षणाचा विषय ते फिकट बटण आहे. ईबेवर ते ‘बेस्ट ऑफर’ या नावाने २००५ पासून आहे. पॉशमार्क, मर्कारी यांसारख्या वापरलेल्या वस्तूंच्या बाजारांनी त्याच्या आपापल्या आवृत्त्या काढल्या, आणि ॲमेझॉननेही २०१४ च्या डिसेंबरमध्ये संग्राह्य वस्तू आणि कलाकृतींसाठी अशीच सोय सुरू केली होती. जुन्या कॅमेऱ्यांची भिंगे मी हौसेने विकत घेतो आणि विकतो, त्यामुळे या बटणाच्या दोन्ही बाजूंना बसण्याचा प्रसंग मला सतत येतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. सोय उपयुक्त आहे, पण ती फुकट मिळत नाही. तिचा खर्च बहुतेक वेळा काहीही न बोलता पूर्ण किंमत भरणाऱ्या ग्राहकाच्या माथी बसतो. त्यामुळे घासाघीस असावी की नसावी, या वादात मला फारसा रस नाही. ती कोणत्या मालावर असावी आणि कोणत्या नियमांनी चालावी, हे ठरवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

आधी सोयीची रचना पाहू. विक्रेता वस्तू विक्रीस ठेवताना भाव सुचवण्याची मुभा द्यायची की नाही ते ठरवतो. मुभा दिली तर तो दोन मर्यादा घालून ठेवू शकतो : अमुक रकमेच्या वरचा प्रस्ताव आपोआप मान्य व्हावा आणि तमुक रकमेच्या खालचा आपोआप फेटाळला जावा. या मर्यादा ग्राहकाला दिसत नाहीत. दोहोंच्या मधला प्रस्ताव विक्रेत्यासमोर येतो, आणि तो स्वीकारणे, नाकारणे किंवा उलट आपला भाव सांगणे, असे तीन मार्ग त्याच्यापुढे असतात. ईबेवर बराच काळ प्रत्येक प्रस्तावाला ४८ तासांची मुदत आणि ग्राहकाला एका वस्तूमागे तीन संधी असा नियम होता. पुढे संधींची संख्या वाढवण्यात आली. पॉशमार्कवर मुदत २४ तासांची आहे. प्रस्ताव मान्य झाला की तो ग्राहकावर बंधनकारक ठरतो.

या रचनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे मोजक्या संधी. हवे तितक्या वेळा विचारता येत असेल, तर पहिला भाव निम्म्याहून खाली सांगून पाहण्यात ग्राहकाचे काहीच जात नाही. हातात तीनच संधी आहेत हे माहीत असले की तो पहिला आकडा लिहिण्यापूर्वी थोडा थांबतो, इतरत्र तशीच वस्तू कितीला गेली ते पाहतो आणि विचार करून बोलतो. विक्रेत्यालाही उत्तर देण्याची मुदत असल्यामुळे ‘कळवतो’ म्हणून ग्राहकाला आठवडाभर ताटकळत ठेवता येत नाही. समोरासमोरच्या घासाघिशीत निघून जाण्याचा आविर्भाव जे काम करतो, ते काम येथे घड्याळ करते, आणि माझ्या अनुभवात अधिक सभ्यपणे करते.

एक व्यवहार जवळून दाखवतो. पन्नास मिलिमीटरचे एक जुने भिंग विक्रीस होते. त्याची मागितलेली किंमत आपण १०० धरू. वर्णनात ‘आत किंचित धूळ’ एवढेच लिहिले होते, परंतु चौथे छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर पुढच्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसत होते. ती धूळ नव्हती, बुरशी होती, आणि बुरशी काढायची तर भिंग उघडावे लागते. मी ७० सुचवले आणि सोबतच्या चौकटीत कोणत्या छायाचित्रात, कोणत्या बाजूला काय दिसते ते दोन वाक्यांत लिहिले. काही तासांनी विक्रेत्याने ९२ सांगितले आणि छायाचित्र पुन्हा पाहिल्याचे कळवले. मी ८० वर आलो. त्याने ८६ सांगितले. मी ते मान्य केले, आणि पैसे त्याच क्षणी वळते झाले. या देवाणघेवाणीत किमतीइतकीच महत्त्वाची गोष्ट अशी घडली की विक्रेत्याला ठाऊक नसलेला एक दोष त्याला कळला आणि किमतीत उतरला. एकच भाव लावलेला असता तर मी काही न बोलता पान बंद केले असते, आणि पुढच्या एखाद्या कमी अनुभवी ग्राहकाने पूर्ण किंमत मोजून घरी बुरशी नेली असती.

येथे ८६ हा आकडा ९२ आणि ८० यांच्या बरोबर मधला आहे, आणि हा योगायोग नाही. मॅथ्यू बॅकस, टॉमस ब्लेक, ब्रॅडली लार्सन आणि स्टीव्हन टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवरील अडीच कोटींहून अधिक वस्तूंवर झालेल्या अशा घासाघिशीचा अभ्यास करून २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंनी शेवटी सांगितलेल्या आकड्यांच्या मधोमध भाव सुचवण्याकडे आणि तसा सुचवलेला भाव स्वीकारण्याकडे लोकांचा ठळक कल असल्याचे त्यांना आढळले, आणि प्रचलित सिद्धांतांतून याचे स्पष्टीकरण मिळत नाही. एकाने थोडे सोडले की दुसराही थोडे सोडतो, हेही त्यांना दिसले. सुमारे एक तृतीयांश वाटाघाटी पहिल्याच फेरीत सहमतीने संपल्या होत्या; उरलेल्यांत कोठे उशिरा सौदा जमला, तर कोठे अनेक फेऱ्यांनंतरही फिसकटला.

जो सौदा फिसकटतो तो फिसकटायलाच हवा होता असे मात्र नाही. रॉजर मायर्सन आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी १९८३ मध्ये गणिताने दाखवून दिले की, विक्रेत्याला ती वस्तू स्वतःला कितीची वाटते आणि ग्राहकाला ती कितीची वाटते या दोन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्यापाशी गुप्त असतील आणि व्यवहार व्हावा की नाही याबद्दलच अनिश्चितता असेल, तर बाहेरून पैसे न घालता आणि कोणावरही सक्ती न करता, दोघांच्याही फायद्याचा प्रत्येक सौदा हमखास पार पडेल अशी कोणतीही पद्धत रचता येत नाही. सोप्या भाषेत सांगायचे तर, दोघेही आपला खरा आकडा लपवून थोडे ताणतात, आणि त्या ताणाताणीत काही चांगले व्यवहार वाया जातात. एकच भाव लावला तरी व्यवहार वाया जातातच, फक्त ते कोणाला दिसत नाहीत, कारण ग्राहक काही न बोलता निघून जातो. ‘भाव सुचवा’ बटणामुळे तो कशामुळे गेला, एवढे तरी विक्रेत्याला समजते.

आता एकच भाव लावण्याची पद्धत मुळात आली कोठून ते पाहिले पाहिजे, कारण ऑनलाइन विक्रेते तिला निसर्गनियम मानून चालतात. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी मनात एक भाव ठेवून तोंडाने दुसरा सांगणे हे असत्य मानले आणि आपल्या व्यापारात एकच भाव पाळला. तो नैतिक आग्रह होता. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर स्ट्यूअर्ट आणि पॅरिसमध्ये १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ चालवणारे अरिस्तिद बुसिको अशा व्यापाऱ्यांनी मोठ्या दुकानांत ठरलेल्या किमती लावल्या, तेव्हा त्यामागे व्यवहाराची गरजही होती. छोट्या दुकानात मालक स्वतः बसतो आणि कितपत उतरायचे ते त्याला कळते. शेकडो नोकरांच्या दुकानात प्रत्येक नोकराच्या हाती भाव सोपवता येत नाही. म्हणून किंमत चिठ्ठीवर गेली आणि नोकराकडे फक्त माल बांधून देण्याचे काम उरले.

ऑनलाइन बाजाराने यातील दुसरे कारण पुसून टाकले आहे. वर सांगितलेल्या दोन छुप्या मर्यादा म्हणजे कधीही न चुकणारा, न दमणारा आणि ओळखीच्या माणसाला परस्पर सूट न देणारा नोकर आहे. विक्रेत्याचा वेळ फक्त मधल्या प्रस्तावांपुरता खर्च होतो, आणि मर्यादा नीट घातल्या तर असे प्रस्ताव थोडेच उरतात. ‘घासाघिशीला वेळ कोणाला आहे?’ ही विक्रेत्यांची नेहमीची तक्रार मला म्हणूनच पटत नाही. निम्म्या भावाला मागणाऱ्यांचा ज्यांना खरोखर त्रास होतो, त्यांनी बहुधा ती खालची मर्यादा घातलेलीच नसते. क्वेकरांचे पहिले कारण मात्र तसेच शिल्लक आहे, आणि खरा आक्षेप तेथेच आहे.

घासाघिशीत सर्वांना सारखी वागणूक मिळत नाही, याचे पुरावे भक्कम आहेत. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन यांनी शिकागो परिसरातील मोटारविक्रेत्यांकडे तीनशेहून अधिक चाचण्या घेतल्या. वेगवेगळ्या वंशांच्या स्त्री-पुरुषांना ठरवून दिलेली तीच वाक्ये, त्याच क्रमाने बोलायला लावली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव सांगितले गेले. गोऱ्या स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना, विशेषतः कृष्णवर्णीय पुरुषांना, अधिक. बोलणे तेच आणि मोटारही तीच असताना भाव बदलला, याचा अर्थ भाव मोटारीपेक्षा माणसाकडे पाहून सांगितला जात होता.

पडद्यामागे बसल्यावर हे थांबते का? बऱ्याच अंशी थांबते. फिओना स्कॉट मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की, इंटरनेटवरील मध्यस्थ सेवेतून मोटार घेणाऱ्या अल्पसंख्याक ग्राहकांच्या बाबतीत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. परंतु पडदाही पूर्ण अपारदर्शक नसतो. तमार क्रिचेली-काट्झ आणि ताली रेगेव्ह यांच्या २०१६ मधील अभ्यासात ईबेच्या लिलावांत नवीन आणि अगदी सारख्याच वस्तूंसाठी पुरुष विक्रेत्यांना १०० मिळत असतील, तर स्त्री विक्रेत्यांना सुमारे ८० मिळाल्याचे आढळले. वापरलेल्या वस्तूंत हा आकडा ९७ च्या आसपास होता. संकेतस्थळ विक्रेत्याचे लिंग सांगत नाही. ग्राहक ते नावावरून आणि विकल्या जाणाऱ्या इतर वस्तूंवरून ताडतात. हा अभ्यास लिलावांचा आहे, भाव सुचवण्याचा नाही, हे लक्षात ठेवूनही मला वाटते की, भाव ठरेपर्यंत दोन्ही बाजूंची नावे झाकून फक्त व्यवहारांची संख्या आणि मिळालेले अभिप्राय दाखवणे कोणत्याही बाजाराला अवघड नाही. ही सुधारणा अजून सर्वत्र झालेली नाही, याचे गुण मी कापतो.

अन्यायाचा दुसरा प्रकार अधिक साधा आणि अधिक सार्वत्रिक आहे. घासाघीस होणार हे माहीत असलेला विक्रेता मागणीच फुगवून ठेवतो. ज्याला ८० मिळाले तरी चालणार आहे तो १०० लिहितो, आणि भाव करणारा ग्राहक ८२ ला घेऊन समाधानाने जातो. ज्याला विचारायला संकोच वाटतो, ज्याला घाई आहे, ज्याला भाषा नीट येत नाही, किंवा ज्याचे त्या फिकट बटणाकडे लक्षच जात नाही, तो १०० भरतो. विक्रेत्याच्या दृष्टीने हे दोघेही खूश ग्राहक आहेत. माझ्या दृष्टीने दुसऱ्याने पहिल्याची सूट भरली आहे. ‘ज्याला हवे त्याने विचारावे’ हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण विचारण्याची हिंमत आणि सवय सर्वांपाशी सारखी नसते, आणि ती अनेकदा पैशाच्या गरजेच्या उलट्या प्रमाणात असते.

तरीही या आक्षेपावरून एकच भाव सक्तीचा करावा, या निष्कर्षावर मी येत नाही, कारण ग्राहकांनाच तो नकोसा असतो असे दिसते. जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीने २०१२ च्या सुरुवातीला कूपने आणि सततच्या सवलती बंद करून रोजचा एकच प्रामाणिक भाव लावला. त्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली, २०१३ च्या एप्रिलमध्ये प्रमुखाला जावे लागले आणि कूपने परत आली. त्या अपयशाला इतरही कारणे होती, पण आपल्याला काहीतरी कमी करून मिळाले, या भावनेची बाजारातली ताकद त्यातून कळते. आणि आजचा ऑनलाइन बाजार तरी एकच भाव पाळतो कोठे? टोपलीत वस्तू टाकून दोन दिवस पैसे न भरणाऱ्याला सवलतीचा संदेश येतो. वस्तू नुसती पाहून ठेवणाऱ्यांना ईबेवर विक्रेता आपणहून कमी भाव पाठवू शकतो. ही घासाघीसच आहे, फक्त तीत एकच बाजू बोलते. ॲमेझॉनने २००० मध्ये वेगवेगळ्या ग्राहकांना त्याच डीव्हीडी वेगवेगळ्या भावांत दाखवून पाहिल्या, तेव्हा एवढी ओरड झाली की कंपनीने जास्त भरणाऱ्यांना फरक परत केला आणि जेफ बेझोस यांनी तो प्रयोग चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. गुपचूप ठरलेल्या वेगवेगळ्या भावांपेक्षा, बटण दाबून उघडपणे मागितलेला कमी भाव मला अधिक सरळ वाटतो.

नियमांच्या बाजूने युरोपीय संघाने एक उपयुक्त पाऊल उचलले आहे. २८ मे २०२२ पासून लागू असलेल्या तरतुदींनुसार, किंमत उतरवल्याची जाहिरात करताना विक्रेत्याला सर्वसाधारणपणे आधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते, आणि यंत्राने ग्राहकाची माहिती पाहून त्याच्यापुरता खास भाव ठरवला असेल तर तसे सांगावे लागते. मागितलेली किंमत फुगवण्याला याने पूर्ण आळा बसत नाही, कारण घासाघिशीत मिळालेली सूट ही जाहिरात केलेली सवलत नसते. पण दिशा योग्य आहे.

मग घासाघीस कोणत्या मालावर असावी? माझ्या मते, ज्या वस्तूचा नग एकच आहे तिच्यावर. वापरलेले भिंग, जुने घड्याळ, हाताने विणलेला गालिचा, दुर्मीळ पुस्तकाची विशिष्ट प्रत, यांची ‘बरोबर’ किंमत कोणालाच ठाऊक नसते. विक्रेता अंदाज करतो, ग्राहक अंदाज करतो, आणि दोन अंदाजांची गाठ घालण्यासाठी बोलणे हाच मार्ग उरतो. याउलट कारखान्यातून हजारोंनी निघालेली, सीलबंद, सर्वत्र सारखीच मिळणारी वस्तू घ्या. तिच्या बाबतीत ग्राहकाला कळवण्यासारखे काही नसते आणि विक्रेत्याला शिकण्यासारखे काही नसते. दहा विक्रेत्यांचे भाव शेजारी शेजारी मांडले की स्पर्धाच भाव उतरवते. अशा मालावर ‘भाव सुचवा’ बटण ठेवणाऱ्या विक्रेत्याविषयी माझ्या मनात पहिली शंका हीच येते की, त्याने किंमत आधीच वर नेऊन ठेवली आहे. औषधे आणि तातडीच्या गरजेच्या वस्तू यांवर तर हे बटण मुळीच असू नये.

एका नगाच्या मालातही विक्रेत्याला नेमके काय मिळते, हे त्याला किती घाई आहे यावर अवलंबून असते. बॅकस, ब्लेक आणि टाडेलिस यांनी २०१९ च्या एका अभ्यासात एक गमतीची गोष्ट टिपली. शंभराच्या पटीतली गोल किंमत मागणाऱ्या विक्रेत्यांना इतरांपेक्षा कमी भावाचे प्रस्ताव येतात, पण ते लवकर येतात आणि वस्तू विकली जाण्याची शक्यताही वाढते. गोल आकडा ही जणू ‘मला लवकर मोकळे व्हायचे आहे’ अशी खूण ठरते आणि ग्राहक ती ओळखतात. जागा अडवून बसलेला माल काढायचा असेल तर गोल आकडा लिहून बटण सुरू ठेवावे. थांबायची तयारी असेल तर ९७३ सारखा हिशेबी आकडा लिहावा. बटण तरीही ठेवावे, पण खालची मर्यादा उंच घालावी.

सोयीची सर्वांत वाईट आवृत्ती म्हणजे बटणाशिवायची घासाघीस, आणि ती फुकट जाहिरातींच्या संकेतस्थळांवर सर्रास चालते. तेथे संदेशांची खिडकी असते. मुदत, संधी, बंधन यांपैकी काहीच नसते. ‘शेवटचे किती?’ हा प्रश्न वस्तूचे वर्णन न वाचताच येतो. अशाच एका ठिकाणी तिवई विकताना भाव पक्का झाल्यावर, घरी येऊन ती हातात घेतल्यावर, ग्राहकाने सोबत आणलेले पैसे ठरल्यापेक्षा कमी असल्याचे सांगितले. वस्तू ठीक होती, वर्णनाशी जुळत होती. फक्त दारात आलेल्या माणसाला परत पाठवणे जड जाते, हे त्याला नीट माहीत होते. बंधनकारक प्रस्ताव आणि त्याच क्षणी होणारा भरणा यांचे मोल अशा वेळी कळते. जो ग्राहक ‘भाव येथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू’ म्हणतो, त्याच्याशी व्यवहार करू नये, हेही येथेच नोंदवतो. बाजाराबाहेर पैसे गेले की त्या बाजाराचे संरक्षणही संपते, आणि फसवणुकीची सुरुवात फार वेळा याच वाक्याने होते.

बंधन अति झाले तर काय होते, याचा नमुना प्राइसलाइनने दाखवला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत ग्राहकाने विमानाच्या तिकिटासाठी आपला भाव सांगायचा, आणि कोणत्याही कंपनीने तो मान्य केला की त्याच्या कार्डावरून पैसे तत्काळ वळते व्हायचे. कोणती कंपनी आणि नेमके किती वाजताचे विमान ते नंतर कळायचे. रिकाम्या जागा खपवणाऱ्या कंपन्यांना ते सोयीचे होते, कारण त्यांचे उघड भाव अबाधित राहत. तिकिटांसाठीची ती सोय २०१६ मध्ये बंद झाली. काय घेतो आहोत हे न पाहता भाव सुचवण्यात मौज असते, पण पर्याय समोर दिसू लागले की ती टिकत नाही.

अलीकडे काही विक्रेते बटणाऐवजी बोलका चॅटबॉट बसवतात. तो गोड बोलतो, कारणे विचारतो, थोडा आढेवेढे घेतो आणि थोडा उतरतो. मला हा प्रकार आवडला नाही. आकड्यांच्या दोन छुप्या मर्यादांमध्ये जे काम शांतपणे होते, त्यासाठी ग्राहकाला गप्पा मारायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि यंत्राच्या ‘एवढेच परवडते हो’ या वाक्यात तथ्य नसते, हे दोघांनाही ठाऊक असते. शिवाय धोका विक्रेत्यालाही आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील एका मोटारविक्रेत्याच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला एका ग्राहकाने बोलता बोलता अशा कोंडीत पकडले की, त्याने नवी मोटार एका डॉलरला देण्याचे ‘कायदेशीर बंधनकारक’ म्हणून कबूल केले. मोटार अर्थातच दिली गेली नाही, पण भाव ठरवण्याचे काम बोलणाऱ्या यंत्राकडे सोपवण्यापूर्वी त्याला मर्यादा घालायला हवी, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

तेव्हा ईबेची मूळ रचना, म्हणजे मोजक्या संधी, मुदत, छुप्या मर्यादा आणि बंधनकारक प्रस्ताव, अजूनही सर्वांत सरस आहे, असे माझे मत आहे. तिला पूर्ण गुण न देण्याचे एक कारण नावांविषयी वर आलेच आहे. दुसरे कारण मला अधिक गंभीर वाटते. विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीत, घासाघीस होऊन गेलेल्या वस्तूची मागितलेली किंमत खोडलेली दिसते आणि प्रस्ताव स्वीकारल्याची नोंद दिसते. प्रत्यक्ष कितीला सौदा झाला ते सामान्य ग्राहकाला दिसत नाही. विक्रेत्यांसाठीच्या ‘टेरापीक’ या संशोधनाच्या साधनात मात्र तो खरा आकडा मिळतो. म्हणजे ज्या दोघांनी भाव करायचा त्यांतील एकाच्या हाती आधीच्या सौद्यांचे आकडे आहेत, आणि दुसऱ्याच्या हाती खोडलेल्या किमती. माझ्या त्या भिंगाच्या नोंदीतही पुढच्या ग्राहकाला खोडलेला १०० दिसेल, ८६ दिसणार नाही, आणि तशाच दुसऱ्या भिंगासाठी बोलताना तो १०० वरूनच सुरुवात करील. मान्य झालेला आकडा ग्राहकांनाही खुला केला तर विक्रेत्यांना मागणी फुगवणे जड जाईल, विचारायला संकोचणाऱ्यालाही निदान किती मागता येते ते कळेल, आणि त्यासाठी बाजाराला नवीन काही बांधावेही लागणार नाही, कारण आकडा त्यांच्याकडे आधीपासून आहे.